रोबोटले घाबरायचं काहून?

हसू नका, मी सिनेमात काम केलं आहे. अर्धाच दिवस, पण केलं.

आमच्या बीरगांवात एका बंद शेडमध्ये रोबोटच्या सिनेमाचं शूटिंग होतं. आम्हा कॉलेजवाल्यांचं काम एकच. रोबोटनं मान फिरवली का किंचाळत पळायचं. वाचवणार कोण, तर सिनेमातले पन्नाशीचे प्रोफेसर!

तिसऱ्या टेकच्या वेळी रोबोटची मानच फिरेना, नुसती घूं घूं. सगळे डोकं खाजवून राहिले. मी म्हटलं, "सर, याच्यात कूलरची मोटर आहे. कंडेन्सर गेला तिचा." दर उन्हाळ्यात घरचा कूलर मीच तर दुरुस्त करते. बाजूच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घर. धावत गेली, आमच्या कूलरचा कंडेन्सर काढून आणला, लावला. मान फिरली.

डायरेक्टर खूश. "शाबाश बेटा! अब डरो, चिल्लाओ!"

"आताच तर मी याले चालू केलं. घाबरू काहून?"

"स्क्रिप्ट में है. तुम बच्चों को मशीन समझ में नहीं आती."

"हव का? मग प्रोफेसरलेच चालवू द्या."

विजेची लाइन बंद केली, आमचा कंडेन्सर काढला अन् निघाली. गेटपर्यंत पोहोचली तर मागून किंचाळ्या सुरू.

डायरेक्टरच्या.