शकूच्या हळदीचे धवले

—नाय मास्तर, बसा तुमी, मला कुठं जायचं नाय. वाजंत्री ऐकू येते ना, ती आमच्या धाकट्या दिराच्या मांडवातली, दामाजीच्या. त्याच्या शकूची आज हळद. तुमी विचारलंत ना, कोळ्यांच्या लग्नात बामणाच्या आधी कोण लागतं — धवलारीण लागते. ती धवले गाते, गाण्यातून एकेका देवाला मांडवात बोलावते, गावदेवीला, खाडीला, घरच्या मेलेल्यांनापण — आणि मग पोरीच्या अंगाला हळद लागते. तिनं तोंड उघडलं नाय तर पोरगी पाटावर बसून राहील आणि हळद वाटीत सुकेल. आणि या कोळीवाड्यात धवलारीण कोण? मी, जनाबाई. सासूनं शिकवलं मला, जाळी विणता विणता. मग इथं ओट्यावर काय करतेय म्हणता? वाट बघतेय. आज बघायचंच हाय मला.

गावाचा इतिहास पायजे ना तुमाला, मग हाच लिवा. खाडीत डोलीचं जाळं लावायला खुंट ठोकतात, आणि ज्याचा खुंट त्याची ती जागा — बापाकडून थोरल्या पोराकडे. दुसऱ्याच्या खुंटाला कुणी दोर बांधत नाय, घरात चूल पेटली नाय तरी. आमच्या घरधन्याचा खुंट खाडीच्या वळणावर, ओहोटीची ओढ अशी की जाळं ओढायला चार गडी लागायचे. स्वराज्य आलं त्या साली घरधनी मुदतीच्या तापानं पडला, आणि उठून किनाऱ्यावर गेला तर त्याच्या खुंटाला दामाजीचं जाळं. जमात बसली. दामाजीनं देवीच्या नारळावर हात ठेवून सांगितलं, बापानं मरताना खुंट मला दिला. सख्खा भाऊ, मास्तर — कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ म्हणतात ना, ते हे. आणि आमचा घरधनी? गप. देवीच्या नारळाला खोटं कसं म्हणू, म्हणाला, आणि दुसऱ्या आठवड्यात गिरणीत लागला, लोकरीच्या धुळीत. कोळ्याचा पोर भोंग्यावर उठतो आता. तो गप बसला, मी नाय बसले. शकू तेव्हा एवढीशी, माझ्याच मांडीवर निजायची — मी तिला थोपटायची आणि मनात म्हणायची, वाढ गो बाय, लवकर वाढ. तुझ्या हळदीला मी तुझ्या बापाशी बोलेन.

काय म्हणता, दुसरी धवलारीण आणतील? कुठून आणतील? बाळकुमला गंगुबाई हाय, शकूचं सासरपण तिकडचंच — पण मी आधीच तिच्या घरी जाऊन न येण्याचं वचन घेऊन आलेय. कळव्याची तर माझी मावसबहीणच. सगळ्या वाटा बंद केल्यात मी. सकाळी रंगूबाई आलेली, दामाजीची बायको, माझी जाऊ — पदर पसरला हो तिनं माझ्यापुढं. मी म्हटलं, नवऱ्याला पाठव, देवीसमोर खरं बोलू दे. मला वाटलं, नाय येणार, मानी माणूस. तर आला. बाळकुमच्या पाहुण्यांदेखत देवळात गेला, नारळावर हात ठेवला आणि म्हणाला, "खुंट दादाचा. मी खोटं बोललो." सगळ्या जमातीनं ऐकलं.

हो, मिळाला खुंट. मग अजून इथं का बसलीय — तुमी पण तेच विचारा आता. खुंट मिळाला, पण आमचा माणूस मिळाला का? अकरा वरसं गेली त्याची. आता कोण त्याला होडीत चढवणार? आणि खरं सांगू, दामाजी कबूल झाला तेव्हा मला आनंद नाय झाला, रागच आला. नाय म्हणाला असता तर बरं झालं असतं. खुंट नकोच होता मला, मास्तर, त्याची पोरगी कोऱ्या अंगानं पाटावरून उठलेली बघायची होती — बोलून गेले. हे नका लिवू. पोरीचा काय दोष, ते मला पण कळतं. पण मी जाणार नाय.

थांबा. वाजंत्री थांबली बघा. आता बाळकुमवाले उठतील, बघा तुमी, एकेक करून वहाणा घालतील, आणि दामाजी हात जोडत त्यांच्यामागं —

कोण गातंय?

धवलाच हाय हा. देवीला बोलावतायत. पण रंगूबाईला येत नाय, आणि हा तर पुरुषाचा गळा — आमच्यात पुरुष धवले गात नाय, मास्तर, आजवर कुणी गायला नाय, लोक हसतील. कोण हा — आमचा घरधनी हाय. त्याचाच आवाज हाय हा. तो गातोय, दामाजीच्या पोरीसाठी. पण शिकला कधी? मी रांधताना म्हणायची, तो भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा, मला वाटायचं ऐकत नाय. सगळे शब्द बरोबर. खाडीला बोलावलं, आता माझ्या सासूला बोलावतोय. आणि बायका — कुणी हसत नाय, त्याच्यामागं सूर धरतायत.

वाजंत्री परत सुरू झाली. हळद लागली.

जा तुमी, मास्तर. जा म्हटलं ना.