पाल चुकचुकली आणि आई

अरे, आमच्या आईला पालीची भयंकर किळस. भिंतीवर पाल चुकचुकली, की लगेच जमीन ठोकून ‘कृष्ण कृष्ण’! आणि नाशिकला सिडकोतल्या त्याच घरात मी गेको, म्हणजे चक्क पाळीव पाल, आणून ठेवलेली.

एकदा श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेलं तिचं अंडं फुटलं. पिल्लाचं नाक बाहेर आलं आणि तिथेच अडकलं. तेव्हा इंटरनेट कुठलं? मी चिमटा उचलला, तर हातावर फटका! आई प्रसूतिगृहातली निवृत्त नर्स.

“ओढू नकोस मेल्या! दमलंय ते. येईल आपलं आपण.”

तासाभराने पिल्लू टुणकन बाहेर! तेवढ्यात भिंतीवरची पाल चुकचुकली. आईने जमीन ठोकायला हात उचलला, थांबली आणि भिंतीवर खेकसली, “नातेवाइकांनी बाहेर थांबा! बाळ सुखरूप आहे.”