ज्याच्यासाठी उपास, त्यानं आदी खावं

माजं माहेर धर्मापुरीचं, परळीकडचं, अन् दिलं मला ह्या पाटोद्याच्या डोंगरात. तिकडं देवळापाशी पानी डोळ्याला तरी दिसायचं, हितं पानी म्हंजे टँकरचा हॉर्न, काय सांगू तुमाला. नवरी होऊन आले तवा सासूनं, आत्याबाई म्हनते मी त्यांना, उंबऱ्यावरच इचारलं, धार काढता येती का गं? म्हनलं, येती. म्हनल्या, मंग झालं, भाकरी मी शिकवीन. भाकरी मला येतच व्हती, पन बोलले न्हाई, पहिल्याच दिवशी कशाला सासूचा मान कमी करायचा. तवापासून आमचं असंच हाय, दोघीबी हट्टी, दोघींचंबी खरं.

आत्याबाईची एक गाय व्हती, कपिला. नात्यागोत्यापरीस त्या गाईवर जीव. तो दुष्काळ पडला तवा हिरीचं बूड दिसलं, घरातली वैरन संपली, अन् जनावरं चाऱ्याच्या छावनीत न्यावी लागली. मानसं गावात अन् जनावरं छावनीत असं कसं चालंल, म्हनून आत्याबाई बी तिथंच पालात ऱ्हायल्या, मी डबा घिऊन जायचे. अन् एक दिवस कपिला बसली ती उठंना. आजूबाजूची जनावरं अशीच बसलेली, बसलेली उठतच नव्हती. आत्याबाईनं योगेश्वरी देवीला मंगळवारचे उपास बोलले, कडक, दिवेलागणीपत्तुर पान्याचा घोट बी न्हाई. अन् स्वतःच्या वाट्याची भाकरी कुस्करून गाईच्या तोंडात घालायच्या, घास घास, अन् म्हनायच्या, खा कपिले, खा माय. उठली बगा गाय. आता देवीनं उठिवली का भाकरीनं ते मी कशाला सांगू, उठली येवढं खरं.

त्याच छावनीत आमची बायकांची दूध संस्था निघाली. तिथं सगळ्या बायका एका जागी, काम काय तर टँकरची वाट बघायची, बोलता बोलता ठरलं, आपलं दूध आपन घालू. गडीमानसं हसली, म्हनली, दूध न्हाई तर संस्था कशाची, शेनाची का? हसू द्या म्हनलं. दूध तपासायचं काम माझ्याकडं आलं, काचेची डिग्री दुधात सोडायची अन् ती किती बुडती ते बघायचं. पानी घातलेलं लगेच कळतं, पन मी चारचौघांत कवा कुनाची अब्रू काढली न्हाई, बाजूला घिऊन म्हनायचे, बाई, उद्या हिरीला दूर ठिव. दुष्काळात हिरीत पानी नव्हतं अन् दुधात कुठून यायचं देव जाने. तर असं, पहाटं उठून संस्थेचं कुलूप मी काढायचे, आज बी मीच काढते.

मंग माझी बोटं आखडायला लागली. आदी वाटलं धारा काढून काढून असंल. पन पहाटं कॅनचं झाकन उघडंना, मनगट सुजायचं, गुडघं वाकंना. मालक बीडला घिऊन गेले. तिथल्या डॉक्टरमॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, पन बोलनं कसं, सरळ. म्हनल्या, मावशी, हा सांधेवात हाय, तुमचंच अंग तुमाला खातंय, ही गोळी घ्या, ही स्टेरॉइडची, लई दिवस घ्यावी लागंल, पोटभर खाऊन घ्यायची, मनानं बंद करायची न्हाई, अन् रक्त तपासायला येत ऱ्हायचं. मी सगळ्याला व्हय व्हय म्हनलं. गोळीनं जादू केली, आठ-पंधरा दिवसांत मूठ वळाया लागली. मी म्हनलं, झालं, बरी झाले, आता तपासायचं काय ऱ्हायलं?

अन् तोंड गोल झालं माझं. गाल वर आले, हनवटी भरली. गावात जी ती म्हनायची, कौसे, संस्थेची साय तूच खातीस का काय? मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, लगनात बी मी येवढी गोरीगोमटी दिसले नव्हते. पन ती गोळीची सूज व्हती. वरून भरलेली अन् आतून रिकामी, असं चाललंवतं, अन् कुनालाच पत्ता न्हाई, मला बी न्हाई.

आता बगा, पोटभर खाऊन गोळी घ्यायची म्हनलं व्हतं. पन आमचं पहाटंचं काम. त्या टायमाला कोन भाकरी खातं? कोरा चहा करायचा, दूध संस्थेत घालायचं म्हनून कोराच, त्याच्यावर गोळी टाकायची अन् पळायचं. वर गुडघा दुखला की पाटोद्याच्या मेडिकलातून अंगदुखीची गोळी आनायची, ती बी त्याच चहावर. खायाला बसायचे तवा उन्हं चढलेली असायची. असं लई दिवस चाललं. मंग दम लागाया लागला. चार पावलं चालले की बसावं वाटायचं. नखं पांढरी. आमच्या हितल्या डॉक्टरनं डोळ्याची पापनी ओढून बघितली, म्हनला, रक्त कमी हाय, लोहाच्या गोळ्या घ्या, गूळ-शेंगदाने खावा. घेतल्या, खाल्ले. रक्त चढंना. बीडला परत तपासायला बोलिवलं व्हतं, त्याला मी, आज जाते उद्या जाते. संस्थेचं कुलूप कोन काढनार?

मंग आत्याबाईनं उचल खाल्ली. संस्थेतल्या सगळ्या बायका गोळा केल्या अन् माझ्यासाठी योगेश्वरीला मंगळवार बोलले, कपिलेसाठी बोललेवते तसेच, कडक. सगळ्या तयार झाल्या. शकीलाभाभी म्हनून हायत आमच्यात, त्यांच्या मालकाचा पाटोद्यात फळाचा गाडा, घरी दोन म्हशी, त्या म्हनल्या, मला देवीचा उपास ठावं न्हाई, पन रोजा ठावं हाय, म्या बी मंगळवारी रोजा धरीन. धरला बगा. आता तुमीच सांगा, येवढ्या बाया माझ्यापायी दिवसभर कोरड्या तोंडानं डोक्यावर वैरनीचे भारे वाहतेत, अन् मी आत बसून भाकरी मोडू? घास गेला असता का घशाखाली? मी बी धरला उपास. गोळी मात्र न चुकता घ्यायची, गोळीपुरतं पानी देवी माफ करती म्हनलं.

रक्त आनखी उतरलं. आत्याबाई म्हनल्या, मंगळवार कमी पडला, शुक्रवार बी धरू. धरला. मी आनखी उतरले. जितका उपास तितकं रक्त कमी, अन् जितकं रक्त कमी तितका उपास, असा तो पाटा-वरवंटा, अन् मधी मी. कुनाच्या बी डोक्यात आलं न्हाई.

एका मंगळवारी संस्थेतच पडले. हातातली डिग्री फुटली, शकीलाभाभीनं धरलं म्हनून डोकं वाचलं. शुद्ध आली तवा बीडच्या दवाखान्यात, अन् रक्ताची बाटली लावलेली, लाल भडक. कुनाचं रक्त व्हतं देवाला ठावं, पन त्या मानसाला मी रोज हात जोडते. डॉक्टरमॅडम आल्या, रागावल्या न्हाईत. इचारलं, मावशी, शौचाला काळं व्हतं का? म्हनलं, लोहाच्या गोळीनं व्हतंच की, तसं सांगितलंय. म्हनल्या, ते खरं, पन लोहाची गोळी सुरू व्हायच्या आदी बी काळं व्हत व्हतं का, आठवा. मी आठवलं. व्हतं. त्याच्या आदीपासून व्हतं. पन असल्या गोष्टी कोन कुनाला सांगतं? नवऱ्याला सांगायची का सासूला?

मंग नळी घातली तोंडातून, पोटात बघायची दुर्बीन. ते काय सुखाचं काम न्हाई, ओकारी येती, डोळ्यातून पानी येतं, पन मी म्हनलं, घाला, बघा एकदाचं. जठराला जखम निघाली. मॅडमनं समजावून सांगितलं, ती अंगदुखीची गोळी अन् ही गोळी, दोन्ही उपाशी पोटी, त्यानं आत जखम झाली, तिथनं रोज थोडं थोडं रक्त गळतंय. तुमी वरून किती बी भरा, बुडाला भोक हाय. अंगदुखीची गोळी बंद, जखमेचं औषध चालू, अन् उपास एक बी न्हाई. मालक म्हनले, मंग ही स्टेरॉइडच टाकून देऊ की गटारात, तीच वंगाळ. मॅडम म्हनल्या, एकदम सोडली तर मावशी उभ्या ऱ्हायच्या न्हाईत, अंगाला सवय लागलीय, ती हळूहळू कमी करायची, मी करीन, तुमी न्हाई.

घरी आले तर आत्याबाई म्हनल्या, सगळं ऐकीन, पन तुझा उपास मोडायचा न्हाई. का तर त्यांची एक लेक व्हती, सुमन. तिच्या बाळंतपनासाठी त्यांनी असेच मंगळवार बोललेवते, अन् एका मंगळवारी भावकीत लगीन, लोकांनी आग्रह केला, ह्या जेवल्या. त्याच महिन्यात सुमन बाळंतपनात गेली. अंगात रक्त नव्हतं तिच्या. आत्याबाई कवा बोलल्या न्हाईत हे, त्या दिवशी बोलल्या. म्हनल्या, एक लेक मी जेवून घालिवली, दुसरी न्हाई घालवनार.

दुसरी म्हनल्या मला. सून न्हाई म्हनल्या. मी मनात म्हनलं, कौसे, आता रडलीस तर मेलीस. डॉक्टरचं सांगून त्या ऐकनार नव्हत्या, डॉक्टर काय देवीपरीस मोठी? मंग मी छावनीचं काढलं. म्हनलं, आत्याबाई, कपिलेसाठी मंगळवार कुनी धरले? म्हनल्या, मी. म्हनलं, मंग कपिलेला बी उपाशी ठिवलंवतं का? म्हनलं, बैलासाठी पोळ्याला आपन उपाशी ऱ्हातो अन् बैलाला आदी पुरनपोळी चारतो का न्हाई? ज्याच्यासाठी उपास, त्याच्या पोटात घास पाहिजे. तुमी माझ्यासाठी धरलाय ना? तुमचा तुमी धरा, मी अडवत न्हाई, पन माझा माझ्यासाठीच उपास, हे कुठल्या देवीनं सांगितलंय? उठल्या अन् गोठ्यात जाऊन बसल्या. मालक म्हनले, तू म्हातारीचं मन दुखिवलं. म्हनलं, दुखू द्या, माझं रक्त गळतंय.

त्या आठवड्यात घरात बोलनं बंद. मंगळवार उजाडला. मी ठरिवलंवतं, भाकरी खाऊनच गोळी घेनार, पन घरात त्यांच्या डोळ्यासमोर नगं, म्हनून भाकरी फडक्यात बांधून तशीच संस्थेत गेले. कुलूप काढलं, बायका किटल्या घिऊन येऊ लागल्या, सगळ्या उपाशी, अन् माझा हात काय त्या फडक्याकडं जाईना. येवढ्यात दारात आत्याबाई. पदराखाली ताटली. ताटलीत भाकरी कुस्करलेली, वर दूध घातलेलं, कोऱ्या चहाच्या घरात दूध! मला पोत्यावर बसिवलं, माझ्यासमोर बसल्या, घास केला अन् माझ्या तोंडाशी आनला. म्हनल्या, खा कपिले. खा माय.

काय सांगू तुमाला. खाल्लं. रडत रडत खाल्लं. सगळ्या बाया किटल्या खाली ठिवून बघत उभ्या. शकीलाभाभी म्हनल्या, रडू नगं, डोळ्याचं पानी दुधात पडलं तर डिग्रीत कळंल. तवा कुठं हसलो सगळ्या. मंग मी गोळी घेतली.

आता आमच्या संस्थेची रीतच झालीय, जिच्यासाठी उपास धरायचा तिला आदी चारायचं. पहिल्या वर्षी तर प्रत्येक बाई माझ्यासाठी घास आनायची, गूळ-पोळी, लाडू, मॅडमनं साखर तपासली तर ती वाढलेली, ह्या गोळीनं साखर बी वाढती. मॅडम म्हनल्या, मावशी, देवीला म्हनावं, जरा बेतानं. आता मी बीडला न चुकता जाते, त्या दिवशी कुलूप शकीलाभाभी काढतेत. रक्त देते, साखर बघतेत, हाडं बघतेत, डोळे बघतेत. सिस्टरला माझी शीर सापडत न्हाई, टोचून टोचून दमती, मी म्हनते, घाई करू नगं बाय, गाय बी घाईनं पान्हवत न्हाई. गोळी आता लहानशी उरलीय, गाल बी उतरले, पहिलं तोंड परत आलं, वाईट दिसतं पन माझं हाय. दुष्काळ त्याच्यानंतर बी येऊन गेले, येतील बी. संस्था हाय, मी हाय.

आत्याबाईला आता दिसत न्हाई नीट. बीडवरून आले की मी सांगते, आत्याबाई, रक्त अकराच्या वर गेलं. त्या म्हनत्यात, ते ऱ्हाऊ दे, खाल्लंस का? तेवढंच इचारत्यात. देवानं त्यांना औक्ष द्यावं, अन् तुमाला बी, तुमी येवढं बसून ऐकलंत. त्या बगा, आल्या भिंत धरून. आज मंगळवार हाय न्हाई का. तुमी लिहायचं थांबवा जरा, मला आदी खाऊ द्या. मी खाल्ल्याबिगर त्यांचा उपास देवीला पोचत न्हाई.