दुसऱ्या मजल्यावरची पाठदुखी

आधीच सांगतो, माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्या.

शनिवार पेठेत मी ज्यांच्या भांड्यांच्या दुकानात काम करतो, त्या नानांची कंबर धरली. नाना म्हणाले, “ही सुटली नाही तर दुकान बंद. मग तू मोकळा.”

कुणीतरी वारज्यातलं क्लिनिक सुचवलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसत्या हलक्या हातानं मणका मोकळा करतात. पाठदुखीचं हे क्लिनिक पेशंटच्या सोयीसाठी दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. मी नानांना पाठीवर घेऊन चढलो, खुर्चीत बसवलं आणि कंबर धरून धापा टाकत उभा राहिलो.

मॅडम बाहेर आल्या. मला म्हणाल्या, “अहो, किती वाकलाय तुम्ही! या, झोपा.”

मला एरवी कुणी अहो म्हणत नाही. लाजेनं तोंडच उघडेना. मी झोपलो.

“आजोबा, तुम्ही यांच्यासोबत आलात का?”

“हो. त्याच्या पाठीवर बसून,” नाना म्हणाले. मॅडम छान हसल्या.

माझा मणका मोकळा करून त्यांनी नानांना बजावलं, “यांना आठवडाभर ओझं उचलू देऊ नका.”

“बरं. मग माझं जेवण इथंच मागवा.”

मी बोलायची हिंमत करेपर्यंत पुढचा पेशंट आत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना पुन्हा पाठीवर घेऊन चढलो आणि दारातूनच ओरडलो, “मॅडम, पेशंट वरचा आहे!”