छत्रीबागेतली पाणपोई

पाणीकंपनीच्या ऑफिसातली तक्रारीची खिडकी अजून उघडायची होती. उर्वीच्या पुढे उभे असलेले काका आणि आजी तोवर बोलायला लागले होते.

"ताई, तुमच्याकडेही पाण्याला वास येतो?"

"येतो ना भिया. कंपनी यायच्या आधी एक दिवसाआड यायचं, पण पाणी यायचं."

"मी तर वर आयोगाला चिठ्ठी लिहिली. कंपनीवर नजर ठेवायलाच बसवलंय ना त्यांना."

"मग?"

"आयोगाने कंपनीला विचारलं, पाणी कसं आहे? कंपनी म्हणाली, बढिया. आयोगाने मला कळवलं, बढिया आहे."

"चला, चौकशी तर झाली."

"हो, अगदी सखोल. तुमची शिकायत काय?"

"एवढंच विचारायचंय की ठीक कधी होणार. छत्रीबागेत आमच्या दारात प्याऊ असतो, सासूबाईंच्या नावाचा. उन्हाळाभर माठ भरलेले असायचे. यंदा पालथेच ठेवलेत."

उर्वीने मोबाइल खाली केला. कॉलेजातून परतताना ती त्या माठांपाशी कितीदा तरी थांबली होती.

"आणि घरात काय पिता?"

"हेच. गाळतो, वास बघतो, मग पितो."

"मग माठातही हेच भरा ना ताई. लोक तर पितीलच."

"तेच तर. आम्ही वास बघून पितो, भिया. उन्हातून आलेला माणूस वास बघत नाही. तो आमच्या भरवशावर पितो."