नमुन्याचं स्थळ

जबाब देणार : श्रीमती विद्युल्लता श्रीकांत हेरेकर, वय ५६, धंदा निवृत्त शिक्षिका, राहणार अनगोळ, बेळगाव.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी मुलगा निशांत याच्यासह राहते. पती हयात नाहीत. कन्नड मला येतं, पण राग मराठीत येतो, म्हणून जबाब मराठीत घ्यावा अशी विनंती मी केली.

माझा फोटो व मोबाइल नंबर कुणीतरी वधूवर सूचक वेबसाइटवर टाकला, अशी तक्रार मी काल दिली होती. अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. निपाणीच्या एका गृहस्थांनी भाकरी येते का, असं विचारलं. त्यांना मी योग्य ते उत्तर दिलं. ते इथे लिहू नये.

आज सकाळी निशांतने माझ्यापुढे चहा ठेवून कबुली दिली. तो त्याच वेबसाइटच्या पानांची मांडणी करतो. मांडणी आधी चाचणीच्या साइटवर बघतात. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहून एंटर दाबलं, की मांडणी हव्या त्या साइटवर जाते. कुठे पाठवायची, ते त्या ओळीतच असतं. याने नवी ओळ लिहायचा कंटाळा केला आणि आधीचीच पुन्हा चालवली. ती खऱ्या साइटची होती. त्यामुळे मांडणीत नमुना म्हणून घातलेली आई घरोघर पोचली. कंटाळा लहानपणापासूनचा आहे.

आईच का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुझ्याएवढं लांब नाव कुणाचं न्हाय गं. ते चौकटीत बसलं की कुणाचंबी बसतंय." नंबर खरा का घातलास, तर म्हणाला, "तेवढाच पाठ हाय." यावर मला रागावता आलं नाही.

तक्रार पुढे गेली तर त्याची नोकरी जाईल. पोरगा गुणाचा आहे. तक्रार मी मागे घेते. कान घरी पिळीन.

आलेले सगळे नंबर ब्लॉक करून देऊ का, असं हवालदारांनी विचारलं. चिकोडीचा वगळावा. त्या गृहस्थांचं नाव मार्तंड, तेही निवृत्त शिक्षक. आपली ओळख सांगून त्यांनी एवढंच विचारलं, "विद्युल्लता बोलताय का?" पती गेल्यापासून मी सगळ्यांची बाई, नाहीतर निशांतची आई आहे. पूर्ण नाव कुणी घेतलं नव्हतं. मी राँग नंबर म्हणून फोन ठेवला. ते खरं नव्हतं.

जबाब मला वाचून दाखवला. चिकोडीचं वाक्य हवालदारांनी गाळलं होतं, ते घालून घेतलं. आता मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सहीची चौकट लहान होती. पूर्ण नाव बसवलं.