साष्टांग नमस्कारात टिकणारा टी-शर्ट

रोजच्या वापराला खेळाचा टी-शर्ट कसा निवडावा, हे मला विचाराल तर उत्तर एकच: तो अंगात घालून साष्टांग नमस्कार करून पाहावा. हसू नका. कापडाची परीक्षा उभ्याने होत नाही, माणसाचीही नाही.

गेल्या गणपतीत, इथे म्युनिकच्या मंडळात, आरतीनंतर मी नमस्कार घातला आणि टी-शर्ट मानेकडे सरकला. उघडी पाठ सर्वांनी पाहिली. नातीने तर ती मोठ्याने जाहीर केली. ती शोभा पुन्हा नको होती. म्हणून यंदा दुकानात मी आधी शिवण पाहिली, कापड ताणले, टी-शर्ट घातला आणि आरशासमोर पालथा झालो.

"अहो, उठा! हे काय देऊळ आहे?" पत्नीने दटावले.

"देव सर्वत्र आहे."

"गिऱ्हाइकंही सर्वत्र आहेत!"

मला चक्कर आली असे समजून विक्रेती पाणी घेऊन धावली. पत्नीने तिला जर्मनमध्ये सारे समजावले. बाईंनी गंभीरपणे माझी पाठ न्याहाळली.

"आल्झो, म्हणजे बघा, हा चार बोटं वर गेला. हा नको." त्यांनी पाठीकडे लांब असलेला दुसरा आणला. "आता पुन्हा करा."

मी पुन्हा लोटांगण घातले. कड जागची हलली नाही.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या.

उठून पाहतो तो शेजारच्या आरशासमोर एक जर्मन आजोबा नवा टी-शर्ट घालून शांतपणे पालथे होत होते.

पत्नी म्हणाली, "घ्या, तुमचा संप्रदाय वाढला."